दुखानमार्गे मेक्सिको

आधीच सांगून टाकते, मेक्सिको हा शब्द माझ्याच तोंडून निघाला. माझ्या नवऱ्याचा, आल्फ्रेडचा, त्यात काही दोष नाही. त्याचा दोष पुढे येतो, आणि तो चांगला मोठा आहे.

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी वसईहून व्हिडिओ कॉल आला. तिकडे भुईगावच्या घरी माझ्या सासूबाई, धाकटा दीर जॉनसन आणि त्याची बायको प्रिन्सी राहतात. प्रिन्सी मे महिन्यात टूरबरोबर सात दिवस स्वित्झर्लंडला जाऊन आली, आणि तेव्हापासून तिच्या बोलण्यातला बर्फ काही वितळत नाही. त्या दिवशीही तिने सुरुवात केली. "ताई, तुम्ही एवढी वर्षं गल्फमध्ये, पण फिरलात कुठे? वसई ते दोहा, दोहा ते वसई!"

माझं डोकंच फिरलं. बावीस वर्षं मी इथे नर्स आहे. लोक सण साजरे करत असताना मी सलाइनच्या बाटल्या बदलल्यात. आणि ही बाई मला भूगोल शिकवणार? आमची शेरॉन, वय वर्षं सोळा, सोफ्यावर लोळत मोबाइलवर कुणा गोऱ्या जोडप्याची सफर बघत होती. कानात जे पडत होतं ते माझ्या तोंडातून बाहेर आलं. "आम्ही या नाताळात मेक्सिकोला चाललोय. कॅम्पर व्हॅन घेऊन. समुद्राच्या कडेकडेने."

माझ्या तोंडाला हाड नाही हे अख्ख्या भुईगावला माहीत आहे. प्रिन्सी गप्प झाली, त्याचा आनंद मला जेमतेम चार सेकंद झाला. कारण तिच्या मागून सासूबाईंचा चेहरा पुढे आला. "म्हणजे याही नाताळला येणार नाही?"

गेल्या वर्षी माझी ड्युटी होती. त्याच्या आदल्या वर्षी शेरॉनची परीक्षा. मी म्हटलं, "आई, पुढच्या वर्षी नक्की."

"माझा शेवटचा नाताळ असेल गं," त्या म्हणाल्या. हे त्या गेली अकरा वर्षं म्हणतात, त्यामुळे आम्ही सगळे हसलो. त्याही हसल्या, म्हणाल्या, "बरं." ते "बरं" मात्र रात्री भांडी घासतानाही मला ऐकू येत होतं.

पण मग आम्ही खरंच तयारीला लागलो हो! आल्फ्रेडने नकाशे काढले, तिकिटं बघितली, रजा टाकली. शेरॉन तर मला पहिल्यांदाच "यू आर सो कूल, ममा" म्हणाली. आणि डिसेंबरच्या सहा तारखेला, व्हिसाचे कागद जमवताना, कळलं की आल्फ्रेडचा पासपोर्ट फेब्रुवारीत संपतोय.

आता आल्फ्रेड काम काय करतो ते ऐका. तो एका खाण्याच्या वस्तू आयात करणाऱ्या कंपनीत स्टोअर्स मॅनेजर आहे. दह्याच्या डब्याची एक्स्पायरी डेट तो दहा फुटांवरून वाचतो. माझ्या फ्रिजमधला टोमॅटो सॉस त्याने मला न विचारता फेकलाय. आणि स्वतःचा पासपोर्ट? "सहा महिन्यांची व्हॅलिडिटी लागते हे डोक्यातून गेलं," म्हणाला. असं डोकं काय करायचंय?

पासपोर्ट नव्याने करायला दिला. तो नवीन वर्षाच्या आत येणं शक्य नव्हतं. म्हणजे मेक्सिको तर गेलंच, आता वाटलं तरी वसईलाही जाता येणार नव्हतं. खलास.

"आईला खरं सांगून टाकू," आल्फ्रेड म्हणाला.

"काय सांगणार? मी त्यांना नाही म्हटलं ते मेक्सिकोसाठी. आता मेक्सिकोही नाही, मग मागे काय उरलं? नुसतं 'नाही' उरलं. त्यांना वाटेल, ही दोह्यात पाय पसरून बसली पण माझ्याकडे आली नाही."

"अगं, पण पासपोर्ट..."

"ते आज झालं. ऑक्टोबरात काय अडलं होतं?" मी ओरडले, आणि मग मला रडूच आलं. कारण ऑक्टोबरात खरंच काही अडलं नव्हतं. माझा तोरा तेवढा अडला होता.

शेरॉन इतका वेळ ऐकत होती. आमचं मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. "सो लेट्स जस्ट फेक इट," ती म्हणाली.

मी आई म्हणून तिला दटावायला हवं होतं. मी विचारलं, "कसं?"

आल्फ्रेडच्या ऑफिसात जियाद नावाचा एक लेबनानी आहे. त्याची जुनी पांढरी कॅम्पर व्हॅन अल गराफात त्याच्या व्हिलाबाहेर उभी असते. तो सुट्टीला बैरूतला निघाला होता. त्याने किल्ली दिली, वर दोन फोल्डिंग खुर्च्या दिल्या आणि म्हणाला, "यल्ला, मजा करा." आम्ही कशासाठी नेतोय ते आल्फ्रेडने त्याला सांगितलं नाही. एवढी अक्कल होती.

कतारच्या नॅशनल डेची सुट्टी संपवून एकवीस तारखेला अल सद्दच्या आमच्या फ्लॅटमधून निघालो. शेरॉनने नियम लिहून व्हॅनच्या फ्रिजवर चिकटवले होते. अरबी पाटी फोटोत दिसता कामा नये. मशिदीचा मिनार नको. गाडी उभी केली की नंबर प्लेटवर टॉवेल. मेक्सिको आपल्या नऊ तास मागे, तेव्हा फोटो त्या हिशेबाने पाठवायचे. आणि शेवटचा नियम मोठ्या अक्षरात: डॅडींनी फोटो पाठवायचे नाहीत.

पहिला मुक्काम समैस्माला. समुद्र निळाशार, वाळू पांढरी, हवा अशी की अंगावर शाल घ्यावी. पार्टीच्या सामानाच्या दुकानातून शेरॉनने रुंद काठाची मेक्सिकन टोपी आणली होती, ती आल्फ्रेडच्या डोक्यावर. मी चपात्या मुडपून त्यात सुकटीची चटणी, कांदा आणि कोथिंबीर भरली, लिंबाची फोड बाजूला ठेवली. शेरॉनने फोटो काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला: बीचवर टाको.

प्रिन्सीचं उत्तर आलं, "ताई, सेम आपली चपाती वाटते."

मी लिहिलं, "मेक्सिकोत मक्याची असते, तुला कळायचं नाही."

सासूबाईंनी आवाजी मेसेज पाठवला. "छान आहे. सुकट पुरवून खा."

मी तो तीनदा ऐकला. सुकट त्यांनीच दिली होती, मेमध्ये, वाळवून, डब्यात भरून, वर फडकं बांधून. पण फोटोतल्या चटणीवरून कुणी सुकट ओळखेल? चोराच्या मनात चांदणं, म्हणत मी दुसरी चपाती मुडपली.

आणि एक सांगू? मजा येत होती. व्हॅनचा फ्रिज प्रत्येक वळणावर उघडायचा आणि अंडी बाहेर डोकवायची. आल्फ्रेडचं डोकं छताला आपटलं की शेरॉन मोजायची, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सतरा झाले होते. बावीस वर्षांत आम्ही हा देश असा कधी बघितलाच नव्हता. घर, ड्युटी, सुपरमार्केट, चर्च, आणि सुट्टी लागली की विमान. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून तिघांनी मिळून कलिंगड खाल्लं, तेव्हा आल्फ्रेड म्हणाला, "आईला हे आवडलं असतं." मी म्हटलं, "त्या घर सोडून कुठे येतात?" आणि बिया थुंकल्या.

तेवीस तारखेला देश ओलांडून पश्चिमेला आलो. ओलांडून म्हणजे काय, तासाभराचा रस्ता. झिकरीतच्या बाजूला पांढऱ्या खडकांपाशी शेरॉनला डुलकी लागली आणि आल्फ्रेडने तेवढ्यात नियम मोडला. माझा हसरा फोटो काढला आणि पाठवूनही दिला. फोटोत माझ्या खांद्यावरून एक उंट आरामात कॅमेऱ्याकडे बघत होता.

मी किंचाळले. तोवर प्रिन्सीने विचारलंच होतं. "ताई, मेक्सिकोत उंट???" तीन प्रश्नचिन्हं.

"काढून टाक तो फोटो!"

"आता काढला तर जास्त संशय येईल," असं म्हणून आल्फ्रेडने माझ्या डोळ्यांदेखत टाइप केलं: सर्कस आली आहे.

उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच. शेरॉनने उठल्यावर फ्रिजवरच्या शेवटच्या नियमाखाली लाल रेघ ओढली. प्रिन्सीने पुढे काही लिहिलं नाही, पण ती गप्प बसणाऱ्यातली नव्हे. तिने दुसऱ्या दिवशीच फास टाकला. चोवीस तारखेला सकाळी मेसेज आला: "मध्यरात्रीच्या मिस्साआधी आईंना तुम्हाला बघायचंय. संध्याकाळी सात वाजता व्हिडिओ कॉल. आणि ताई, समुद्र नक्की दाखवा हं!"

वसईचे सात म्हणजे आमचे साडेचार. आम्ही दुखानच्या किनाऱ्यावर होतो. शेरॉनने बोटांवर हिशेब केला आणि तिचे डोळे चमकले. मेक्सिकोत तेव्हा सकाळचे साडेसात. "इट्स परफेक्ट," ती म्हणाली. दुखानला साडेचारला सूर्य पाण्याच्या हातभर वर असतो. मेक्सिकोच्या पूर्व किनाऱ्यावर, व्हेराक्रूझला, साडेसातला सूर्य पाण्याच्या हातभर वर असतो. उगवणारा आणि बुडणारा, दिसायला फरक काय? दोन मिनिटं दाखवायचा, हॅपी ख्रिसमस म्हणायचं, आणि नेटवर्क गेलं म्हणून फोन कापायचा.

सगळं ठरल्याप्रमाणे झालं. पाण्याकडे पाठ करून तीन खुर्च्या, समोर घडीच्या टेबलावर फोन, आमच्या डोक्यांच्या वर सूर्य. आल्फ्रेडच्या डोक्यावर टोपी. फोन लागला. भुईगावची बैठकीची खोली, कोपऱ्यात नाताळगोठा, त्यावर लुकलुकणारे दिवे, आणि मध्ये पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घालून आई.

"गुड मॉर्निंग, आई! बघ, सूर्योदय!" आल्फ्रेड ओरडला.

"किती सुंदर," आई म्हणाल्या. "गावाचं नाव काय?"

"व्हेराक्रूझ, आजी," शेरॉन म्हणाली.

"नावातच क्रूस आहे. बरं झालं." मग त्यांनी मांडीवरची जपमाळ उचलली. "आता सगळे एकत्र आहोत तर रोझरी करून घेऊ. पित्याच्या व पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने..."

माझा उजवा हात आपोआप कपाळावर गेला, आणि तिथेच आम्ही संपलो.

जे आमच्यातले नाहीत त्यांना सांगते. आमच्या घरात भूकंप झाला तरी रोझरी मध्ये सोडत नाहीत. एकदा माजघरात साप निघाला होता, तेव्हा सासऱ्यांनी एका हातात काठी आणि एका हातात माळ घेऊन दहा-दहा मण्यांची पाचही दशकं पुरी केली होती. नातेवाइकाशी खोटं बोलणं वेगळं, ते आम्ही सगळेच करतो. पण नाताळच्या संध्याकाळी, बाळ येशूच्या गोठ्यासमोर, सुरू झालेली रोझरी खोटं नेटवर्क दाखवून कापायची? शेरॉनचं बोट लाल बटणाकडे निघालं होतं. मी तिच्या हातावर चापट मारली.

"नमो मरिये, कृपापूर्णे..." पन्नास वेळा. त्यात आई कधी घाई करत नाहीत.

पहिलं दशक संपलं तेव्हा फोनच्या छोट्या चौकटीत मला आम्ही दिसलो. सूर्य आल्फ्रेडच्या टोपीच्या वर होता, तो आता टोपीच्या काठाला टेकला होता. दुसऱ्या दशकात तो आल्फ्रेडच्या कानाशी आला. तिसरं दशक आमच्याकडे होतं. आल्फ्रेडने ते असं पळवलं की प्रार्थनेला धाप लागली. आईंनी मध्ये थांबवून सांगितलं, "सावकाश बाबा, देव कुठे पळून जात नाही."

देव नाही, पण सूर्य चालला होता ना! मी खुर्ची हळूच सरकवून माझ्या डोक्याने तो झाकायला बघितला. मग आल्फ्रेडही तेच करायला लागला, आणि आमची डोकी एकमेकांवर आपटली. अठरा. शेरॉनला हसू आवरेना, ती भक्तीने मान खाली घालून गदगदत होती.

चौथ्या दशकात सगळीकडे केशरी झालं. पाचव्यात सूर्य पाण्याला टेकला. प्रिन्सीचा आवाज आला, "ताई, अहो, सूर्य तर खाली..."

"प्रिन्सी," आई डोळे न उघडता म्हणाल्या, "रोझरीत बोलायचं नाही."

मला वाटलं, सुटलो, संपलं. कुठलं काय! आईंनी लितानी, म्हणजे मरियामातेच्या बिरुदांची लांबलचक प्रार्थना, सुरू केली. ती झाल्यावर मृतात्म्यांसाठी एक, फादरांसाठी एक, आजाऱ्यांसाठी एक. शेवटी म्हणाल्या, "जे परक्या मुलखात गाडी घेऊन फिरतायत, त्यांना रस्ता नीट दिसू दे." तोवर आमच्या मागे सूर्याची शेवटची कडा पाण्यात गेली. मेक्सिकोत सकाळी आठला अंधार पडायला लागला.

"आमेन," आई म्हणाल्या.

"आई, बघितलंत?" प्रिन्सी उभीच राहिली. "सूर्य उगवायचा सोडून बुडला!"

मी डोळे मिटले. आता माझी पुरती शोभा होणार होती, आणि ती माझीच कमाई होती.

"अगं, तू स्वित्झर्लंड फिरून आलीस ना?" आईंचा आवाज आला. "तुला एवढं ठाऊक नाही? मेक्सिको पृथ्वीच्या पलीकडे. आपला दिवस ती त्यांची रात्र, आपली रात्र तो त्यांचा दिवस. तिकडे सगळंच उलटं, मग सूर्यानेच काय घोडं मारलंय? जा, चहा टाक. मिस्साला जायचंय." आणि फोन बंद झाला.

आल्फ्रेड टोपी काढून म्हणाला, "आईला खरंच तसं वाटत असेल?" या माणसाशी मी पंचवीस वर्षं संसार केलाय.

पाचच मिनिटांत माझा फोन वाजला. आई होत्या, घराच्या मागच्या पायरीवर, एकट्या.

"व्हेरोनिका, कुठे आहात?"

"आई, व्हेराक्रू..."

"मला बुडणारा सूर्य शिकवतेस? साठ वर्षं भुईगावच्या किनाऱ्यावर तोच बघतेय मी."

माझा बांध फुटला. ऑक्टोबरातला तोरा, आल्फ्रेडचा पासपोर्ट, जियादची व्हॅन, नंबर प्लेटवरचा टॉवेल, मी सगळं ओकून टाकलं. "मला लाज वाटत होती, आई. वाटलं, तुम्ही म्हणाल, ही घरी बसली पण माझ्याकडे आली नाही."

"म्हटलं असतंच," त्या म्हणाल्या. "वाईटही वाटलं असतं. ऑक्टोबरात वाटलंच होतं."

मी नाक पुसलं. "तुम्हाला कधी कळलं?"

"सुकट माझी आहे. तिच्यातला जवळासुद्धा मी ओळखते. मग तो उंट आला."

"मग बोलला का नाहीत?"

"का बोलू? तीन दिवस प्रिन्सी मेक्सिकोचा नकाशा उघडून बसली होती. मला मजा येत होती." त्या खुदकन हसल्या. मागे कुणाच्या तरी अंगणातली नाताळची गाणी ऐकू येत होती. "समुद्र चांगला आहे गं तिकडचा. मला वाटायचं, नुसती वाळू असेल."

"तुम्हाला बघायचा होता?"

"शेरॉन झाली तेव्हा मी पासपोर्ट काढला होता. म्हटलं, बाळंतपणाला बोलवाल. तू तुझ्या आईला बोलावलंस, ते बरोबरच होतं. मग म्हटलं, बारशाला, मग पहिल्या कम्युनियनला. तो पासपोर्ट संपला तशी मी जॉनसनला सांगून दुसरा काढून घेतला. दोन हजार एकतीसपर्यंत आहे. तुझ्या नवऱ्यासारखं नाही माझं." त्या परत हसल्या. "कोराकरकरीत आहे. एक शिक्का नाही त्याच्यावर."

बावीस वर्षं आम्ही म्हणत आलो, आई घर सोडून येत नाहीत. कुणी म्हटलं होतं तसं? त्यांनी तर नाही. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही, त्यांच्या लेकानेही नाही. अकरा वर्षं त्या शेवटचा नाताळ म्हणत होत्या आणि आम्ही हसत होतो, आणि कपाटात साड्यांखाली तो पासपोर्ट वाट बघत होता.

"आई," मी कशीबशी म्हणाले, "फेब्रुवारीत याल? हवा छान असते. हीच व्हॅन घेऊ. खालचा पलंग तुमचा. सगळा किनारा दाखवते, समैस्मापासून इथपर्यंत."

"उंट दिसेल?"

"दिसेल."

"मग येते," त्या म्हणाल्या, इतक्या पटकन की मला आणखी रडू आलं. "पण एक अट आहे. खरं काय ते जॉनसनच्या कानात सांगीन. प्रिन्सीला मात्र सांगायचं, मी मेक्सिकोला चालले."

"आई! तिला आता सगळं कळलंय. सूर्य बघितलाय तिने!"

"तू फक्त तिकीट काढ," सासूबाई म्हणाल्या. "सूर्याचं मी बघून घेते."